घर मागे बांधून

एक गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेण्याला आपल्याकडे ‘टोचन’ म्हणतात. शब्दातच थोडा कमीपणा आहे. बंद पडलेली गाडी टोचन होते आणि दोरीच्या मागच्या टोकाला बसलेला माणूस खाली मान घालून स्टिअरिंग धरतो. ‘कॅम्पर’ म्हटलं की नंदुरबार जिल्ह्यात बोलेरो कॅम्पर डोळ्यांपुढे येते. पुढे दोन रांगांत माणसं, मागच्या उघड्या हौद्यात खताच्या गोण्या, शेळ्या, कधी लग्नाचं वऱ्हाड.

मोबाईलच्या पडद्यावर मात्र हेच दोन शब्द वेगळ्याच तोऱ्यात येतात. तिथे कॅम्पर म्हणजे चाकांवरचं छोटं घर आणि टोचन म्हणजे स्वातंत्र्य. पुढे दणकट गाडी, मागे झोपायची सोय असलेला ट्रेलर, त्यावर किंवा त्याच्याही मागे डोंगरात उडवायच्या बाईक. परदेशातले लोक हे हौसेने करतात. अमेरिकेतल्या काही राज्यांत एका गाडीमागे दोन ट्रेलर जोडायलाही परवानगी आहे. आपल्याकडे ते चित्र बघायचं तर उसाच्या हंगामात बघावं : एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. त्याचे रील कुणी करत नाही.

आम्हा चौघा मित्रांना हे कमी पैशांत करायचं होतं. एकाची जुनी बोलेरो, भंगारातून आणलेला एक्सल, वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यायचा ट्रेलर, त्यावर तंबू, आणि दोन जुन्या डर्ट बाईक. हिशेब माझ्याकडे होता. ह्या हिशेबात गंमत अशी की पैसे वाचवायला गेलं की वजन वाढतं. हॉटेल नको म्हणून तंबू आणि गाद्या. ढाबा नको म्हणून गॅस, भांडी, शिधा. बाटल्या विकत नकोत म्हणून शंभर लिटरची टाकी, म्हणजे शंभर किलो पाणी. बाईक प्रत्येकी सव्वाशे-दीडशे किलोच्या. शिवाय ट्रेलरच्या एकूण वजनातला साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर यावा लागतो. तो कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर मागे डोलायला लागतो, जास्त झाला तर पुढच्या गाडीचं नाक उचललं जातं. वेग दुप्पट झाला की थांबवायला चौपट जोर लागतो, आणि घाट उतरताना मागचं घर पुढच्या गाडीला ढकलत असतं. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते, विमा लागतो, ब्रेक लागतात. स्वस्ताच्या यादीतून आधी नेमक्या ह्याच ओळी गळतात. आणि ट्रेलर असताना गाडी मागे घेणं अवघड असतं. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रेलर डावीकडे जातो. अरुंद रस्त्यावर तर मागे फिरणं जवळपास अशक्य.

हे सगळं जमवता आलं असतं. अडलं ते कुठे जायचं ह्यावर. ठरलं होतं मणिबेली.

मणिबेली अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठावर. महाराष्ट्राच्या बाजूने तिथे जायचं तर सातपुडा ओलांडावा लागतो : अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट, मोलगी, आणि त्यापुढे डोंगरच डोंगर. ‘ऑफ-रोड’साठी ह्याहून चांगली जागा कुठली? समोर अथांग पाणी, मागे डोंगर, रात्री लख्ख तारे. फोटो तर असे येतात की खाली काय आहे हे कुणी विचारणारही नाही.

खाली गाव आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं पहिलं बुडालेलं गाव हेच. १९७९ साली नर्मदा पाणीवाटप लवादाने निवाडा दिला आणि धरणाची उंची ठरली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मणिबेलीचे लोक दर पावसाळ्यात चढत्या पाण्यासमोर घरात बसून राहिले. जागतिक बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. समितीचा अहवाल १९९२ साली आला आणि १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणं थांबवावं अशी मागणी केली. त्या मागणीपत्राचं नाव ‘मणिबेली जाहीरनामा’. जगाच्या कागदपत्रांत हे नाव राहिलं. गावाचं शूलपाणेश्वराचं देऊळ पाण्याखाली गेलं. काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली, काहींनी तिथेच डोंगरात वर सरकून घरं बांधली. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटर ह्या पूर्ण पातळीला पोहोचलं.

आमच्या चौघांतला एक तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतीत वाढलेला आहे. त्याचं मूळ गाव मणिबेली नाही, पण त्याच काठावरचं. ट्रेलरचं चित्र कागदावर काढून मी त्याला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “आमचं घरपण असंच आणलं होतं. ट्रकमध्ये घालून.”

तो तेव्हा जन्मलेला नव्हता. पण आईकडून त्याने यादी इतक्यांदा ऐकली आहे की त्याला पाठ आहे. सागाचे खांब, आढं, दारं, कौलं. जातं. धान्याची शेणाने लिंपलेली कोठी. शेळ्या, कोंबड्या. ट्रकमध्ये जे चढलं नाही त्याची यादीही त्याला पाठ आहे : मोहाची झाडं, नदीतले मासे, आणि कुठल्या मोहाखाली कुणी वेचायचं ह्याची सगळ्या गावाला असलेली माहिती. लवादाच्या निवाड्यात जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर शेती देण्याची तरतूद होती. मोहाखालच्या जागेचं माप हेक्टरमध्ये निघत नाही.

मला त्या दिवसापासून प्रश्न पडला आहे तो हा. घर उचलून गाडीला बांधणं ही क्रिया एकच. मग आमच्या बाबतीत ती मोकळीक का ठरते आणि त्याच्या आईच्या बाबतीत विस्थापन का?

पहिलं उत्तर सोपं वाटतं : आमची हौस, त्यांची सक्ती. पण ते पुरत नाही. ह्याच तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीनंतर हजारो कुटुंबं दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. त्यांच्यावर कुणी बंदूक रोखलेली नसते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते एवढंच. नवराबायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक ‘कोयता’. ट्रकमध्ये भांडी, अंथरूण, सरपण, पोरं आणि कोंबड्या. शेताकडेला प्लास्टिक टाकून झोपडी उभी राहते, सहा महिने त्यात संसार होतो. कमी पैशांतलं कॅम्पिंग ह्याहून कडक कुणी केलेलं नसेल. त्यांना कागदोपत्री विचारलं तर ‘स्वखुशीने आलो’ असंच उत्तर येईल. तरी त्याला आपण प्रवास म्हणत नाही.

मला वाटतं, फरक परतीत आहे. आमच्या ट्रेलरच्या मागे एक न हलणारं घर आहे : आधार कार्डावरचा पत्ता, बंद दाराला कुलूप, फ्रीजमध्ये उरलेली भाजी. चाकांवरचं घर आम्हाला हलकं वाटतं, कारण खरं घर आम्ही जागेवरच ठेवून निघालेले असतो. ऊसतोडीवाल्याला परत यायला गाव आहे, पण उचल फिटल्याशिवाय ते मोकळं नाही. आणि माझ्या मित्राच्या आईला तर मागे फिरायला जागाच नाही, तिथे पाणी आहे. म्हणजे आपण ज्याला भटकण्याचं स्वातंत्र्य म्हणतो ते हुकात किंवा इंजिनात नसतंच. ते स्थिर पत्त्याचं व्याज असतं.

हे एकदा दिसलं की ‘ऑफ-रोड’ हा शब्दही टोचतो. रस्ता नसणं हे कुणासाठी आकर्षण आहे? ह्याच डोंगरांत बाळंतिणीला बांबूला झोळी बांधून खांद्यावरून न्यावं लागल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी सरकारला तरंगता दवाखाना चालवावा लागला. २०२० मध्ये चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेची गोष्ट देशभर छापून आली. लॉकडाऊनमध्ये ती रोज स्वतः नाव वल्हवत पलीकडच्या पाड्यांतल्या बाळांपर्यंत आहार पोहोचवत होती. आम्ही ज्या चढावर बाईक घसरली म्हणून हसणार होतो, तो चढ तिच्यासारख्यांच्या कामाचा रस्ता आहे. चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून पुढच्या पावसात पाणी वाहतं. आम्ही तोवर घरी पोहोचलेलो असतो.

आता कुणी म्हणेल, म्हणूनच तर सगळं सामान बरोबर न्यायचं. गावावर ओझं नको, पाणी मागायचं नाही, जेवण मागायचं नाही, कचरा परत आणायचा. हा शहाणपणा मीही बराच काळ खरा मानला आहे, आणि कचऱ्यापुरता तो खराच आहे. पण ज्या नदीकाठी आम्ही निघालो होतो तिथल्या प्रवासाची जुनी रीत नेमकी उलटी आहे. नर्मदा परिक्रमेला निघालेला माणूस जवळ जितकं कमी ठेवेल तितकं चांगलं मानलं जातं. अन्न मागून खायचं, रात्र कुणाच्या ओसरीवर काढायची. मणिबेलीचा हा टापू शूलपाणीच्या झाडीत येतो. ह्या झाडीत परिक्रमावासींचं होतं नव्हतं ते काढून घेतलं जाई, अशा आठवणी परिक्रमेच्या पुस्तकांत पुन्हापुन्हा येतात. त्यामागे भूक होती, तिला गोड रंग देण्याची गरज नाही. पण त्या जुन्या रीतीत प्रवाशाला गावाची गरज लागत होती, हे नक्की. आमच्या ट्रेलरची सगळी रचना ती गरज संपवण्यासाठी होती. शंभर लिटर पाणी बरोबर नेणं म्हणजे कुणाच्याही दारात उभं राहून ‘पाणी मिळेल का?’ असं विचारावं लागू नये ह्याची सोय.

शिवाय आम्ही स्वावलंबी आहोत हे खरंही नव्हतं. सरदार सरोवर प्रकल्पाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. ट्रेलरमधल्या बॅटऱ्या आम्ही घरच्या प्लगवर चार्ज करून निघणार होतो. त्यात मणिबेलीच्या पाण्यातली किती वीज आली असती हे मोजता येत नाही. पण ‘आम्ही ह्या गावाकडून काहीच घेत नाही’ असं म्हणण्याची वेळ निघून गेली आहे. घेऊन झालेलं आहे. प्रश्न इतकाच की तिथे जाऊनही आपण अनोळखी राहायचं का.

आमच्यातला एक जण चिडला. त्याचं म्हणणं टाळण्यासारखं नाही. तो म्हणाला, “धरणाच्या भिंतीखाली १८२ मीटरचा पुतळा बघायला लाखो लोक जातात, वातानुकूलित तंबूंत राहतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. आम्ही पगारातून चार पैसे वाचवून निघालो की लगेच नीतीचा तास सुरू. डोंगर काय फक्त श्रीमंतांचे?” खरं आहे. सुट्टी ही चैन नाही. सातपुडा बघण्याचा हक्क खिशावर ठरू नये. आणि लोकांनी जाणंच बंद केलं तर बुडालेलं गाव फक्त जाहीरनाम्याच्या नावात उरेल. न जाणं हे उत्तर मलाही पटत नाही. त्याने फक्त आपले हात स्वच्छ राहतात.

पण त्याच्या बोलण्यातल्या ‘वाचवून’ ह्या शब्दापाशी मी थांबलो. आमच्या हिशेबात वाचलेला प्रत्येक रुपया कुणाच्या तरी हातात जाणारा होता. वाचलेलं नावेचं भाडं नाववाल्याचं. वाचलेलं जेवण त्या घरचं, जिथे चार भाकऱ्या जास्त थापल्या गेल्या असत्या. वाचलेला वाटाड्या म्हणजे रोजंदारीचा एक दिवस. स्वस्त सहल म्हणजे कमी खर्चाची सहल असं आपण समजतो. बऱ्याचदा ती गावाला वगळून केलेली सहल असते. पेट्रोलचे, वेल्डिंगचे, तंबूचे पैसे आम्ही शहरात मोजणारच होतो. काटकसर नेमकी गावाच्या वेशीपासून सुरू होत होती.

पैसे दिले की फिटलं, असंही नाही. नाववाल्याला भाडं देऊन त्याच्या बुडालेल्या शेतावरून नाव नेणं हा साधा व्यवहार नव्हे, आणि तो साधा झाला तर मला भीती वाटेल. पण व्यवहारात निदान दोन माणसं समोरासमोर येतात. तो नाही म्हणू शकतो, भाव करू शकतो, खाली काय होतं ते सांगू शकतो किंवा सांगायचं नाही असं ठरवू शकतो. आमच्या ट्रेलरला कुणी नाही म्हणू शकलं नसतं, कारण आम्ही काही विचारणारच नव्हतो.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. ज्या गावाला मागे फिरायला जागा उरलेली नाही, तिथे आपण आपलं घर बांधून न्यायचं नाही. ट्रेलर न्यायचाच तर अक्कलकुव्यापर्यंत. पुढे जे वाहन तिथली माणसं वापरतात ते, त्याच्या वेळेने, भाडं देऊन. आधी विचारून. कुणी नको म्हटलं तर परत.

हिशेब नव्याने मांडला तेव्हा सहल जवळपास दीडपट महाग झाली आणि सामान एका पाठपिशवीत मावलं. चिडलेल्या मित्राने एक बाईक विकून टाकायचं म्हटलं आहे. ज्याचं घर ट्रकमधून आलं होतं, तो येईल की नाही हे अजून ठरायचं आहे. आईला विचारून सांगतो म्हणाला. त्याच्या आईला त्या पाण्याकडे पुन्हा बघायचं आहे का, हे तिला आजवर कुणी विचारलेलं नाही. हिशेबाच्या कागदावर मी एक जागा तिच्यासाठी धरून ठेवली आहे.