वटवाघळाचा सोशिकपणा

सायबेरियात 1960 च्या दशकात संशोधकांनी एका वटवाघळाला खुणेची कडी घालून सोडून दिले. 41 वर्षांनी तेच वटवाघूळ पुन्हा जाळ्यात सापडले, जिवंत आणि धडधाकट. ब्रांटचे वटवाघूळ ही ती जात. तिचे वजन जेमतेम सात ग्रॅम. याच्या तिप्पट वजनाचा घरउंदीर दोन-तीन वर्षांत म्हातारा होऊन मरतो. वटवाघळांत कर्करोगाच्या नोंदीही फार थोड्या आहेत. अर्थात गुहेत शिरून त्यांच्या गाठी तपासायला आजवर किती जण गेले असतील, हाही प्रश्न आहेच.

या दीर्घायुष्यामुळे कर्करोगाचे आणि वार्धक्याचे अभ्यासक वटवाघळाकडे कौतुकाने पाहतात. साथरोगवाले मात्र त्याच्याकडे पाहतात ते संशयाने. निपाह, हेंड्रा, मारबर्ग, या सगळ्या विषाणूंचा माग काढत गेले की शेवटी फळांवर जगणारी वटवाघळे भेटतात. मला वाटते, हे कौतुक आणि हा संशय यांचे मूळ एकच आहे.

आपल्या प्रत्येक पेशीतला डीएनए दिवसाला हजारो ठिकाणी बिघडतो. त्याला सिगारेट किंवा क्ष-किरण लागतात असे नाही, पाणी आणि प्राणवायू पुरतात. डीएनए म्हणजे जणू दगडावरची रेघ, असे एकेकाळी मानले जात होते. टॉमस लिंडाल यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिले की तो ज्या वेगाने झिजतो त्या वेगाने सजीव टिकूच शकले नसते. सजीव तर टिकले आहेत, म्हणजे पेशीत दुरुस्तीची सोय असलीच पाहिजे. ती सोय त्यांनी शोधून काढली आणि 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांच्यासह मिळाले. ही दुरुस्ती चुकत गेली की चुका साठतात, आणि पुरेशा साठल्या की गाठ धरते.

उडणाऱ्या सस्तन प्राण्याला हा बिघाड जास्तच सोसावा लागतो. उडताना वटवाघळाचे हृदय मिनिटाला हजाराच्या घरात धडधडते, शरीर तापते आणि इंधन जाळताना डीएनएला डसणारे घटक भरपूर तयार होतात. 2013 साली दोन जातींचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा डीएनएचा बिघाड ओळखून तो निस्तरणाऱ्या जनुकांवर नैसर्गिक निवडीचा ठळक ठसा दिसला. पण त्याच संचात प्रतिकारशक्तीची जनुकेही बदललेली होती.

यात एक अडचण आहे. तुटलेल्या डीएनएचे तुकडे केंद्रकातून बाहेर सांडले की पेशीला वाटते, विषाणू घुसला. ‘स्टिंग’ नावाचे प्रथिन मग धोक्याचा इशारा देते आणि दाह सुरू होतो. सोसायटीचा राखणदार मांजराच्या चाहुलीलाही रात्रभर शिट्टी फुंकू लागला तर चोर येण्याआधी रहिवासीच आजारी पडतील. रोज रात्री उडणाऱ्या प्राण्याचे तेच झाले असते. 2018 मध्ये वुहानच्या विषाणुशास्त्र संस्थेतल्या (हो, तेच वुहान) संशोधकांनी दाखवले की वटवाघळांच्या ‘स्टिंग’मध्ये एका मोक्याच्या जागेचा घटक बदललेला आहे, त्यामुळे त्याचा इशारा मंदावतो. मुका होत नाही, दबक्या आवाजात येतो. उडण्यासाठी पत्करलेल्या या सोशिकपणात विषाणूंनाही थारा मिळाला असावा. हा अजून तर्क आहे, पण मोठा पटण्याजोगा. विषाणू वटवाघळाला फारसा त्रास देत नाही, वटवाघूळ विषाणूला पुरते हाकलत नाही. तोच विषाणू माणसात आला की आपले शरीर सगळ्या ताकदीनिशी तुटून पडते, आणि पुष्कळदा रोगी विषाणूइतकाच या प्रतिहल्ल्यानेही खचतो.

मग माणसातही हा इशारा दाबावा काय? इथे कर्करोगाचे संशोधन आडवे येते. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या स्तनाच्या वा बीजांडकोशाच्या गाठीत दुरुस्तीचा एक मार्ग आधीच बंद असतो. 2005 साली दोन गटांनी दाखवले की पार्प हे प्रथिन अडवून दुसराही मार्ग बंद केला की अशा पेशी मरतात आणि निरोगी पेशी बहुतांशी निभावून नेतात. त्यातून ओलापॅरिबसारखी औषधे आली. पुढे कळले की त्यांच्या परिणामात ‘स्टिंग’चाही वाटा आहे. दुरुस्ती अडल्यावर तुकडे सांडतात, इशारा जातो आणि रोगप्रतिकारक पेशी गाठीकडे धावतात. म्हणजे वटवाघळाने जो आवाज दबका केला, तोच कर्करोगतज्ज्ञांना गाठीत मोठा करून हवा आहे. जी दुरुस्ती आपल्याला गाठीपासून वाचवते, तीच गाठीला औषधापासून वाचवते. ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिरातींचे काढे विकणाऱ्यांना यातले काही सांगायला जाऊ नये. वाढवायची ती कुठे, केव्हा, किती, हे त्या बाटलीवर छापलेले नसते.

विषाणू आणि वटवाघूळ यांच्यातला समझोताही बिनशर्त नाही. मलेशियात 1998-99 साली आंब्याच्या बागांना लागून मोठमोठी वराहपालन केंद्रे होती. वटवाघळांची उष्टी फळे खाली डुकरांपर्यंत पोहोचली, डुकरांकडून निपाह माणसांत आला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळल्याची बातमी 2021 मध्ये आली, तेव्हा आपल्याकडेही घबराट पसरली होती. अशा वेळी वड-पिंपळ तोडा, वटवाघळे हुसका, ही मागणी ठरलेली. ऑस्ट्रेलियातला अनुभव याच्या उलट आहे. तिथे घोड्यांमार्फत माणसाला होणाऱ्या हेंड्राचा 1996 ते 2020 असा पंचवीस वर्षांचा हिशेब 2022 मध्ये मांडला गेला. हिवाळ्यात फुलणारी निलगिरीची जंगले तुटली तशी वटवाघळे उपाशी पडून शेतांत, वस्त्यांत, घोड्यांच्या कुरणांत उतरली, आणि अन्नाच्या टंचाईच्या वर्षांनंतर घोड्यांना लागण वाढली. ज्या हिवाळ्यात उरलेल्या जंगलाला भरपूर मोहर आला, त्या हिवाळ्यात वटवाघळे तिकडे परतली आणि एकाही घोड्याला हेंड्रा झाला नाही.