झाकली मूठ आणि कलमाचा डोळा

संत्र्याचं कलम विकणारा माणूस नेमकं काय विकतो?

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि मूळचा शेंदूरजनाघाटचा आहे. वरूड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव संत्र्यासाठी जितकं ओळखलं जातं तितकंच संत्र्याच्या कलमांसाठी. आमच्याकडे रोपवाटिकेला पन्हेरी म्हणतात. पावसाळा लागला की इथल्या पन्हेऱ्यांमधून कलमांच्या गाड्या भरून निघतात, विदर्भात, मध्य प्रदेशात, थेट राजस्थानातही जातात. विकत घेणारा कलमाची उंची बघतो, पानं बघतो, जोड नीट बसलाय का ते बघतो, पैसे देतो आणि जातो. त्याच्या आणि विकणाऱ्याच्या व्यवहाराचा खरा निकाल लागतो पाच-सहा वर्षांनी, झाड फळावर येतं तेव्हा. तोवर पावती हरवलेली असते.

आमचे मोठे बाबा आयुष्यभर पन्हेरी करत आले. वरचा प्रश्न मी त्यांना विचारला तेव्हा ते म्हणाले, "आपन कलम इकतो बापू, झाड नाई इकत." या वाक्यात एक अख्खं नीतिशास्त्र आहे. मला ते पटत नाही, पण ते सहज खोडूनही काढता येत नाही. म्हणून हा लेख.

आधी कलम कसं होतं ते सांगायला हवं. जंबेरीचं बी पेरतात, त्याची रोपं वाढवतात. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन आत संत्र्याच्या झाडाचा एक डोळा बसवतात आणि पट्टीनं बांधून टाकतात. मुळं जंबेरीची, वरचं झाड संत्र्याचं. डोळा ज्या झाडावरून काढला ते मातृवृक्ष. एका मातृवृक्षावरून शेकडो डोळे निघतात, आणि ती शेकडो झाडं खरं तर एकाच झाडाचे तुकडे असतात. गुण जसेच्या तसे येतात, म्हणून तर कलम करायचं. पण रोगही तसेच येतात.

यातला सगळ्यांत वाईट रोग ग्रीनिंग. चिनी भाषेतल्या त्याच्या हुआंगलाँगबिंग या नावाचा अर्थ पिवळ्या शेंड्याचा रोग असा होतो. हा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांमध्ये राहतो. सायला नावाची इवलीशी कीड त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि माणूस त्याला डोळ्यातून नेतो. पानं चट्ट्याचट्ट्यांनी पिवळी पडतात, पण जस्ताच्या कमतरतेनंही पानं पिवळीच पडतात. फळं लहान आणि वाकडी राहतात, खालच्या बाजूनं हिरवी राहतात, झाड हळूहळू शेंड्याकडून वाळत जातं. इलाज नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये हा रोग पहिल्यांदा २००५ साली सापडला, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं संत्र्याचं उत्पादन नव्वद टक्क्यांहून जास्त घसरलं. भांडवल, विद्यापीठं, यंत्रं सगळं हाताशी असलेल्या प्रदेशात हे झालं.

या रोगाची नैतिक दृष्ट्या महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. झाडाला लागण झाल्यावर लक्षणं दिसायला कित्येक महिने, कधी वर्षं जातात. म्हणजे हिरव्यागार, देखण्या मातृवृक्षावरून काढलेला डोळाही रोगी असू शकतो. नुसत्या नजरेनं ते कळत नाही. प्रयोगशाळेत हा जिवाणू वेगळा वाढवून दाखवता येत नाही, त्यामुळे त्याचा माग काढायला पीसीआर चाचणी लागते. तीच, जी कोविडमध्ये आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसली.

आता मोठ्या बाबांच्या पिढीकडे वळू. १९७० साली पन्हेरीवाल्यानं रोगी डोळा बांधला आणि शेतकऱ्याची बाग बसली, तर पन्हेरीवाला दोषी होता का? माझ्या मते नाही. त्याला कळण्याची सोयच नव्हती. तो झाड बघून, निवडून डोळा काढत होता, त्याच्या हातात तेवढंच होतं. "मले का माहीत" हे त्याचं उत्तर प्रामाणिक होतं.

पुढे काय झालं? १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात शेंडा-कलमाचं तंत्र विकसित झालं. फांदीच्या अगदी टोकाचा एक-दोन दशांश मिलिमीटरचा भाग, जिथे विषाणू आणि जिवाणू बहुधा पोचलेले नसतात, तो सूक्ष्मदर्शकाखाली कापून काचेच्या नळीत वाढवलेल्या रोपावर बसवायचा. रोगी झाडातून निरोगी झाड काढायची ही युक्ती. १९८५ साली नागपुरात लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं (आता ते केंद्रीय संस्था आहे), आणि शेंडा-कलम, रोगमुक्त मातृवृक्ष, मातीऐवजी निर्जंतुक माध्यमातली पिशवीतली रोपं ही भाषा आमच्या भागात आली. नागपूर वरूडहून शंभरेक किलोमीटरवर आहे. म्हणजे कळण्याची सोय आता आहे, आणि फार लांबही नाही.

मग तेच वाक्य, "मले का माहीत", आज कोणी म्हटलं तर त्याचा अर्थ तोच राहतो का?

मला वाटतं इथे न कळण्याचे तीन प्रकार वेगळे करायला हवेत. एक, कळणं शक्यच नव्हतं. दोन, शक्य होतं पण आवाक्यात नव्हतं. आणि तीन, आवाक्यात होतं पण कळू द्यायचं नव्हतं. बाहेरून तिन्ही सारखे दिसतात, कारण तिन्हींमध्ये माणूस म्हणतो की मला माहीत नव्हतं, आणि तिन्हींमध्ये तो खरंच बोलत असतो. आपल्याकडे तिसऱ्या प्रकाराला म्हण तयार आहे: झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली नाही तोवर आत काय आहे याची किंमत आपण ठरवू ती.

इंग्लंडमधला गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड याने १८७७ साली याच प्रकारावर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्तीची शंका मनात येते, पण खर्च नको म्हणून तो स्वतःची समजूत घालतो की इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल. त्याचा विश्वास खरा असतो. जहाज बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं असं की तो दोषी आहे, कारण तो विश्वास बाळगण्याचा त्याला हक्क नव्हता. पुढे तो आणखी कडक होतो: जहाज बुडालं नसतं तरी तो तितकाच दोषी.

शहरात बसून क्लिफर्डशी सहमत होणं सोपं आहे. माझ्या धंद्यात तर ते रोजचं आहे: टेस्ट न चालवता कोड पुढे ढकलला आणि काही मोडलं, तर "माझ्या मशीनवर चालत होतं" हे कोणी ऐकून घेत नाही. पण माझ्या टेस्टचा खर्च कंपनी देते, आणि चूक सापडली तर मला शाबासकी मिळते. पन्हेरीवाल्याचं गणित उलटं आहे. समजा त्याने मातृवृक्ष तपासला आणि रोग निघाला. आता त्याला झाड काढावं लागणार, त्यावरून बांधलेली हजारो कलमं जाळावी लागणार, वर्षाची कमाई गेली. शेजाऱ्याने तपासलंच नाही, त्याची कलमं विकली गेली, तीही थोडी स्वस्त. गिऱ्हाइकाला दोन्ही कलमं सारखीच हिरवी दिसतात. म्हणजे या बाजारात कळून घेणाऱ्याला दंड आहे आणि मूठ झाकणाऱ्याला बक्षीस. अशा ठिकाणी एकट्या माणसाला उभं करून तू मूठ का उघडली नाहीस असं विचारणं मला अर्धवट न्याय वाटतो.

दुसरी अडचण चाचणीचीच आहे. ग्रीनिंगचा जिवाणू झाडात सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत असतो, दुसरीत नसतो. चार पानं तपासून "नाही" असं उत्तर आलं म्हणजे झाड निरोगी आहे असं सिद्ध होत नाही. आणि तपासलेल्या झाडावर उद्या सायला बसू शकते. मोठे बाबा म्हणतील, मग खात्री नाहीच तर तपासायचं कशाला?

या प्रश्नाचं उत्तर मला वैद्यकात सापडतं. एचआयव्हीची रक्तचाचणी १९८५ साली आली. तिलाही पहिले काही आठवडे लागण दिसत नसे, म्हणजे खात्री तिच्यातही नव्हती. तरी ती आल्याच्या दिवसापासून रक्त देण्याचा अर्थ बदलला. फ्रान्समध्ये त्या वर्षी चाचणी आणि शुद्ध केलेली औषधं वापरायला उशीर झाला, हिमोफिलियाच्या रुग्णांना दूषित औषध मिळत राहिलं, पुष्कळ जण गेले. तेव्हाच्या एक मंत्री नंतर म्हणाल्या की त्या स्वतःला जबाबदार मानतात पण दोषी मानत नाहीत. १९९९ साली न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. फ्रान्समध्ये ते वाक्य आजही टोमण्यासारखं वापरतात, आणि तरी त्यात एक खरा भेद आहे. दोष मागे बघतो, कोणी काय केलं ते शोधतो. जबाबदारी पुढे बघते, आता कोणी काय करायचं ते ठरवते. भारतात रक्ताची एचआयव्ही चाचणी १९८९ साली सक्तीची झाली, आणि तो खर्च प्रत्येक रक्तपेढीच्या सदसद्विवेकावर सोडला नाही, म्हणून ती टिकली.

डोळा बांधणं हे झाडाचं रक्त देण्यासारखंच आहे. फरक इतकाच की इथे रोगी झाड ओरडत नाही, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला ते सिद्ध करता येत नाही. वरूडचा भूजल-उपसा प्रमाणाबाहेर गेलाय. उन्हाळ्यात बोअर आटतात आणि बागा वाळतात. जास्त पाण्यानं डिंक्या येतो, कमी पाण्यानं शेंडेमर. सहाव्या वर्षी मेलेल्या झाडाची इतकी कारणं असू शकतात की कलम त्यातलं फक्त एक. बियाण्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एक शहाणपणाची गोष्ट सांगितली होती. कंपनीचं म्हणणं होतं की शेतकऱ्याने बियाणं प्रयोगशाळेत तपासून घ्यायला हवं होतं. न्यायालय म्हणालं, शेतकरी सगळं बी पेरतो, तपासणीसाठी मूठभर मागे ठेवावं ही अपेक्षाच चूक. पुरावा ज्याच्या हातात राहू शकतो त्याच्यावर तो ठेवायची जबाबदारी जास्त.

इथून मला माझं उत्तर बांधता येतं. कळून घेण्याचं कर्तव्य सगळ्यांवर सारखं नसतं. समोरच्याला जितकं जास्त थांबावं लागणार, झालेलं नुकसान जितकं परत न फिरणारं, आणि समोरच्याला स्वतः तपासून बघणं जितकं अशक्य, तितकं ते कर्तव्य वाढतं. भाजी विकणाऱ्यावर ते थोडं, कारण वांगं किडकं निघालं तर घरी गेल्यावर कळतं. कलम विकणाऱ्यावर ते फार मोठं. एकरी शंभर-सव्वाशे झाडं, पाच-सहा वर्षं पाणी, खत, मजुरी, आणि त्या काळात दुसरं काही न घेतलेली जमीन. मोठे बाबा म्हणतात कलम विकतो, झाड नाही. मला वाटतं ते दोन्ही विकत नाहीत, ते शेतकऱ्याची सहा वर्षं स्वतःच्या शब्दावर ठेवून घेतात.

पण कर्तव्य मोठं आहे म्हणून त्याचं सगळं ओझं त्याच खांद्यावर टाकायचं, हे त्यातून निघत नाही. ज्या समाजाला खरं ऐकायचं आहे त्याने खरं सांगणाऱ्याचं नुकसान भरून द्यायला हवं. रोगी मातृवृक्ष स्वतःहून कळवणाऱ्याला भरपाई मिळाली, तर मूठ उघडणं परवडेल. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १,७६५ कोटींचा स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. त्यात देशभरात नऊ केंद्रं आहेत, लिंबूवर्गीय फळांसाठीचं एक नागपूरला. मूळ रोगमुक्त साहित्य तिथे तयार व्हावं आणि पन्हेरीवाल्यांना मिळावं अशी कल्पना. ती नीट चालली तर दुसऱ्या प्रकारचं न कळणं, म्हणजे आवाक्याबाहेरचं, हळूहळू संपेल. मग उरेल तो फक्त तिसरा प्रकार, आणि त्याला तेव्हा कुठलंही निमित्त नसेल.

आणि शेतकऱ्याचाही वाटा आहेच. दहा रुपये स्वस्त मिळतं म्हणून कुठलंही कलम उचलायचं आणि डोळा कुठल्या झाडाचा ते विचारायचंच नाही, हीसुद्धा झाकलेली मूठच.

सरकारी केंद्र यायचं तेव्हा येईल. त्याआधी एक गोष्ट आजच करता येते आणि तिला फारसा पैसा लागत नाही. पावतीवर तीन ओळी वाढवायच्या: डोळा कुठल्या मातृवृक्षाचा, तो शेवटचा कधी आणि कशासाठी तपासला, आणि काय तपासलेलं नाही. तिसरी ओळ सगळ्यांत अवघड आहे, कारण तिच्यात विकणाऱ्याला आपलं न कळणं स्वतःच्या हातानं लिहावं लागतं. पण लिहिलेलं न कळणं आणि झाकलेलं न कळणं यांत फार फरक आहे. पहिल्यात शेतकऱ्याला जोखीम दिसते आणि ती घ्यायची की नाही ते तो ठरवतो. दुसऱ्यात ती त्याच्या नावानं दुसराच कोणीतरी घेऊन टाकतो, आणि त्याला ते सहाव्या वर्षी कळतं.