सांगून की विचारून?

दिवाळी आली की लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला मुराळी जातो. ही रीत इतकी गोड, की तिच्यात काही नीतीचा प्रश्न दडला असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. सणाच्या दिवशी तो उकरून काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये; मास्तरकीच्या पेशाला प्रश्न विचारल्यावाचून करमत नाही.

आमच्या अणदूरचा खंडोबाही मुक्काम हलवतो. मूर्ती एक, देवळे दोन. वर्षातला बहुतेक काळ देव अणदूरला, थोडा काळ नळदुर्गाला. केव्हा न्यायचा, केव्हा परत आणायचा, याचा दोन्ही गावांत लेखी करार होतो. त्यात कुणी कुणाची कृपा मागत नाही. शब्द दोघांनाही बांधतो.

लेकीच्या जाण्यायेण्याचा व्यवहार मात्र असा नव्हता. मी स्वतः बहिणीला आणायला मुराळी म्हणून गेलो आहे. बोलणी ओसरीवर वडीलधाऱ्यांत होत. ज्वारीची पेरणी उरकली का, सासूबाईंचे दुखणे कसे आहे, म्हशीची धार कोण काढील, हे सारे विचारात घेतले जाई. जिला जायचे ती दाराआड उभी राहून आपल्या चार दिवसांचा निकाल ऐके.

राणी व्हिक्टोरियाच्या काळात असा निकाल खरोखरच कोर्टात लागला. अकराव्या वर्षी लग्न झालेली रखमाबाई मुंबईत माहेरीच वाढली आणि पुढे सासरी जायला नाही म्हणाली. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूने गेला; पण १८८७ मध्ये हायकोर्टाने फर्मावले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ज्या विलायती कायद्यावरून हे चालले, त्या विलायतेत अशी कैद १८८४ मध्येच रद्द झाली होती! बाई म्हणाली, तुरुंग पत्करीन. १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढल्याच वर्षी ती डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेली. सोलापूरपर्यंत आगगाडी १८६० मध्येच पोहोचली होती. तेव्हा बायकांचे अडत होते ते वाटेवाचून नव्हे.

कुणी म्हणेल, घर म्हटले की विचारायला नको का? हवे तर! गुरे आहेत, म्हातारी माणसे आहेत, पोरांच्या परीक्षा आहेत. पण त्याच घरातला मुलगा पुण्याला निघतो तो सांगून जातो. सून विचारून जाते. सांगण्यातही आपुलकी असते, जबाबदारी असते. विचारण्यात मात्र नकाराचा हक्क दुसऱ्याच्या हाती राहतो. एकाने नुसते सांगायचे आणि दुसरीने विचारायचे, तिथे माया नसते असे मी म्हणत नाही. न्याय मात्र नसतो. दोघांनी सांगावे, नाहीतर दोघांनी विचारावे.

आता एस.टी. आहे, फोन खिशात आहे. मुराळ्याचे काम फारसे उरले नाही. तरी ‘घरी विचारून कळवते’ हे उत्तर अजून ऐकू येते. यंदा फराळाचे डबे भरताना घरातल्या थोरांनी एवढेच करावे. ‘जाऊ का?’ असे सुनेने म्हणण्याआधी आपणच तिला विचारावे, ‘कधी निघतेस?’