रांजण

नागपूर-हैदराबाद महामार्गावर, जांबच्या अलीकडे एक गाव होतं. गावात मोजकीच ख्रिस्ती घरं आणि एक लहानसं चर्च. चर्चच्या ओसरीत एक रांजण होता आणि तो भरायचं काम एका म्हातारीकडे होतं. दर रविवारी उपासनेआधी ती हापसीवर खेपा करायची आणि रांजण काठोकाठ भरायची. तिला वाचता येत नव्हतं, गाण्यात तिचा सूर लागत नव्हता. देवापर्यंत माझं एवढं पाणीच पोचतं, असं ती म्हणायची.

कोरोनामुळे २०२०च्या २५ मार्चला देश बंद झाला. चर्चला कुलूप लागलं. पाळकबाबा तालुक्याच्या गावी अडकले. ते फोनवर वचन पाठवायचे आणि नातू ते आजीला ऐकवायचा. कापसाची खरेदी थांबली होती, घरात कापूस पडून होता. म्हातारीला त्याचा घोर होताच, पण रडू यायचं ते रांजणापायी. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार आला नि गेला. रांजण कोरडाच राहिला.

गावानं वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. गावाची भीती खोटी नव्हती. रोग नवा होता आणि औषध कोणाकडेच नव्हतं. पण वेशीपलीकडून माणसं चालत होती. हैदराबादची बांधकामं थांबली होती, रेल्वे बंद होती. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं घेऊन ती उत्तरेकडे निघाली होती.

१० एप्रिलला उत्तम शुक्रवार होता. भर दुपारी नातू शुभवर्तमान वाचत होता. वधस्तंभावरच्या येशूला तहान लागली आणि लोकांनी त्याच्या ओठांना आंब लावली, इथवर तो आला. म्हातारी एकदम उठली.

"पोरा, आपल्या हापसीला पाणी आहे ना?"

"आहे ना, आजी."

"मग बंडी जुंप."

रांजण बंडीवर चढला. वेशीवर पोलीस पाटलानं अडवलं. बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं, की रांजण वेशीबाहेर निंबाखाली राहील, तोंड झाकलेलं असेल आणि बाहेरचा कोणी आत येणार नाही. म्हातारीनं सगळं कबूल केलं.

नातू हुशार होता. त्यानं बांबू मधोमध चिरून लांब पन्हळ केली. आजी या टोकाला पाणी ओतेल, वाटसरू त्या टोकाला ओंजळ धरील. पहिला माणूस आला, उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ पुढे केली.

म्हातारीचा हात थांबला. तिच्या आजीनं सांगितलेलं तिला आठवलं. अस्पृश्य ठरवल्यामुळे त्यांच्या घरच्यांना विहिरीला शिवायची बंदी होती. कोणाला दया आली तर तो असंच लांबून, वरून पाणी ओतायचा.

तिनं पन्हळ खाली ठेवली. "असं नाही पाजायचं," ती म्हणाली. तिनं दगडावर भरलेला तांब्या आणि साबणाची वडी ठेवली, मग लांब सरून जमिनीवर बसली.

"हात धुवा भाऊ, आन् आपल्या हातानं घ्या. कोणतं गाव तुमचं?"

"सिवनी," तो म्हणाला. तांब्या वर धरून तो घटाघटा प्यायला. जाताना त्यानं तांब्या घासून पुन्हा दगडावर ठेवला.

त्या रात्रीच्या प्रार्थनेत म्हातारीनं सिवनीचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी बालाघाट आलं, जबलपूर आलं. तिनं कधी न पाहिलेली गावं तिच्या प्रार्थनेत राहायला आली. १२ एप्रिलला ईस्टरच्या पहाटे ती डोक्यावर हंडा घेऊन निघाली, ती गातच. सूर आजही लागत नव्हता, पण सबंध गल्लीनं ऐकलं. दुपारी कोणीतरी निंबाखाली भाकरी आणि ठेचा आणून ठेवला. पोलीस पाटलाच्या घरून गूळ आला.

या म्हातारीचे वडील तरुणपणी वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणीवर होते. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम तिथं जे. सी. कुमारप्पा बघायचे. कुमारप्पा श्रद्धेनं ख्रिस्ती होते आणि गावच्या हातांना काम देणं ही त्यांची उपासना होती, असं वडील तिला सांगत. लहानपणी ऐकलेलं ते तिला आता निंबाखाली उमगत होतं.

काही दिवसांनी परवाना मिळाला आणि पाळकबाबा गावात आले. चर्चची ओसरी त्यांना रिकामी दिसली. विचारत विचारत ते वेशीबाहेर पोचले.

"आजी, चर्च बंद म्हणून तुम्ही खचला असाल, असं मला वाटलं होतं."

"खचले होते ना बाबा," म्हातारी म्हणाली. "इतकी वर्षं मी आत पाणी भरत होते. तहानलेला बाहेर उभा होता. देवाचं काम कुलपात अडकत नाही, आन् त्याचा आनंदही नाही."

रस्त्यावर आणखी सातआठ माणसं दिसत होती. रांजण तळाला आला होता. पाळकबाबांनी खांद्यावरची पिशवी फांदीला अडकवली, हंडा उचलला आणि नातवाला म्हणाले, "चल, हापसी दाखव."