टंचाईचं खातं

सरकारदरबारी पाण्याचे दोन हिशोब असतात. एक पाणी साठवण्याचा, दुसरा पाणी नसण्याचा. दुसऱ्याचं नाव टंचाई आराखडा. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे. कोणत्या पाड्याला टँकर लागेल, कोणाची विहीर अधिग्रहित करायची, कुठल्या विंधन विहिरीची दुरुस्ती करायची, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडच्या आराखड्यात यंदा कोणती नावं येणार, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. खर्चात काटकसर करायची वेळ आली की या दुसऱ्या हिशोबाला सहसा कोणी हात लावत नाही. तहानलेल्याला टँकर नाकारायची हिंमत कोणत्याच सरकारात नसते, आणि नसावीच. कात्री लागते ती पहिल्या हिशोबाला.

माझं म्हणणं एवढंच की ही कपात म्हणजे बचत नव्हे. पहिल्या खात्यात न टाकलेल्या रुपयातला काही भाग दुसऱ्या खात्यातून जातो. बाकीचा, आणि तोच मोठा, कुठल्याच खात्यात लिहिला जात नाही. पण हे पटायला आधी शहापूर-मुरबाडची जमीन पाहायला हवी.

पाऊस इथे कमी नाही. माळशेज, आजोबा आणि माहुलीच्या पायथ्याला वर्षाकाठी दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या सुमारे तिप्पट. पण खाली काळा पाषाण, वर हातभर माती आणि मुरूम. पडलेलं पाणी ओहोळात, ओहोळातून काळूत नाहीतर भातसेत, तिथून उल्हास नदीत आणि मग खाडीत. या धावपळीत आता पावसाचीही तऱ्हा बदलली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पावसाचे आकडे तेच राहिले तरी पाणी थोड्या दिवसांत, एकदम आणि घाईने पडणार, असा याचा अर्थ. घाईचं पाणी मुरत नाही. ते खाली टिटवाळा, खडवलीत शिरतं, आणि वर पाड्यावरची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते.

तानसा १८९२ सालचं, मोडकसागर १९५७चं, मग भातसा, २०१४ साली मध्य वैतरणा. शहापूर आणि त्याच्या शेजारच्या डोंगरांतली ही धरणं मुंबईची तहान भागवतात. मुंबईच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातशातून जातं. धरण खाली, पाडा वर. उताराने पाणी शहरापर्यंत पोचतं, चढावर पाड्यापर्यंत पोचत नाही. हे सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा आता रागही येत नाही.

‘हवामान बदलाचा कार्यक्रम’ अशी पाटी मुरबाडात शोधायला जाल तर हात हलवत परत याल. राज्याचा मोठा कार्यक्रम, म्हणजे जागतिक बँकेच्या मदतीने २०१८पासून चाललेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव अशा १५ जिल्ह्यांत सुरू झाला. ठाणे त्यात नव्हतं. केंद्राचा राष्ट्रीय अनुकूलन निधी २०१५ साली दोन वर्षांसाठी ३५० कोटी घेऊन आला, पुढे त्याचा ओघ आटत गेला. इथला खरा हवामान कार्यक्रम साध्या नावांचा आहे. सलग समतल चर, माती नाला बांध, विहिरीतला गाळ काढणं, रोपवनाची राखण, वनराई बंधारा. यातलं बरंचसं रोजगार हमीतून होतं, थोडंफार श्रमदानातून.

वनराई बंधाऱ्याचंच बघा. पाऊस थांबल्यावर ओढ्याला घोटाभर धार उरते. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती जमवायची, तिथल्याच वाळूमातीने पाऊण भरायची, सुतळीने तोंड शिवायचं आणि सांधे चुकवून आडवी रचत जायची. फटींत चिकणमाती चोपायची. पाण्याचा जोर असेल तर मधली दोन पोती शेवटपर्यंत मोकळी ठेवायची, नाहीतर रचलेलं सगळं वाहून जातं. वीस-पंचवीस माणसं लागली तर दुपारपर्यंत पाणी फुगायला लागतं. मग काठावर भेंडी, हरभरा, वाल होतो, गुरांना पाणी मिळतं, खालच्या विहिरीची पातळी काही आठवडे टिकते. खर्च म्हणाल तर नगण्य. पण हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरातलं. जानेवारीत पोती आली तर ती रचायला ओढा असतो, अडवायला धार नसते. चरांचंही तेच. दोन फूट रुंद, फूटभर खोल चर डोंगरउतारावर मेअखेर खणून व्हायला हवेत. जुलैत खणले तर पहिलं पाणी गेलेलं असतं आणि माणसं लावणीत गुंतलेली.

म्हणजे या पैशाला ऋतू आहे. कपातीची चर्चा होते तेव्हा नेमकं हेच निसटतं. २०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रोजगार हमीला ६०,००० कोटी दिले. आदल्या वर्षीचा सुधारित अंदाज ८९,४०० कोटींचा होता. ओरड झाली, तेव्हा सांगितलं गेलं की मागणी वाढली तर पैसे वाढवून देऊ. आणि वर्षाच्या ओघात ते वाढवलेही, हे नमूद करायला हवं. दिल्लीच्या वहीत तूट भरून निघाली. पण पुरवणी मागण्या हिवाळी अधिवेशनात मंजूर होतात, आणि तोवर इथला मजूर वीटभट्टीवर गेलेला असतो. कातकरी कुटुंबं बहुधा दिवाळीच्या आगेमागे उचल घेतात आणि भिवंडी-कल्याणकडे भट्टीवर जातात. गेल्या हंगामाची मजुरी थकलेली आणि पुढच्या कामाचा पत्ता नाही, अशा वेळी २०२५-२६च्या ३१२ रुपये रोजाची वाट कोण बघणार? शेठ रोख देतो. पैसा उशिरा आला तरी पोचला, असं हिशोबनीस म्हणतो. पाड्याच्या लेखी तो आलाच नाही.

जलजीवन मिशनचं उदाहरण तर याहून बोलकं. दर माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला, असं या योजनेचं वचन. २०२४-२५ला तिच्यासाठी ७०,१६३ कोटींची तरतूद झाली आणि सुधारित अंदाजात ती २२,६९४ कोटींवर आली. मग मुदत २०२८पर्यंत वाढवली. मुदतवाढ कागदावर निरुपद्रवी दिसते. पण वर्षभर लांबलेली पाणीयोजना म्हणजे एक आख्खा उन्हाळा टँकरचा. टँकरने ग्रामीण भागात माणशी २० लिटर धरतात. उरलेल्या ३५ लिटरचं काय? ते बायका आणतात. पहाटे विहिरीवर नंबर लावून, झिऱ्यात वाटीने पाणी गोळा करून, डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन. या वेळेची नोंद कुठल्याच आराखड्यात नसते, म्हणून तो खर्चही नसतो. तरी कपात मुकाट पेलणारी जागा तीच.

यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो मला टाळता येत नाही. पैसा दिला म्हणजे पाणी आलं असं कुठाय? राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेवर ९,६०० कोटींहून अधिक खर्च झाला, आणि ‘कॅग’ने २०२०च्या अहवालात सांगितलं की भूजल वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. सरकार बदललं, योजना थांबली; पुन्हा बदललं, २०२२ अखेर दुसरा टप्पा जाहीर झाला. काम वाईट झालं हे मान्य. पण वाईट झालेल्या कामाला थांबवणं हे औषध नव्हे. बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. गाळ काढायला तिसऱ्या वर्षी पैसा नसेल तर आधीच्या दोन वर्षांचाही गेला. इथे कपात आणि उधळपट्टी एकाच घरच्या आहेत. जो पैसा धो धो येतो आणि अचानक थांबतो, तोच सर्वांत जास्त वाया जातो. थोडा असला तरी दरवर्षी वेळेवर येणारा पैसा हवा, आणि नेमकं तेच मागायला आपले लोकप्रतिनिधी लाजतात. गाळ काढण्याचं उद्घाटन करायला फीत बांधणार कुठे?

पैसाच नाही, असंही म्हणता येत नाही. २०२५च्या मे महिन्यात ‘लाडकी बहीण’साठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटींहून अधिक रुपये वळवल्याच्या बातम्या आल्या. महिन्याचे १,५०० रुपये पाड्यावरच्या बाईला नकोत असं कोणी म्हणणार नाही, मी तर नाहीच. पण बहिणीच्या हातात १,५०० ठेवायचे आणि तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवायचा पैसा त्यासाठी उचलायचा, हा व्यवहार तिला विचारून झालेला नाही.

दरवर्षी वेळेवर येणाऱ्या पैशाची गोष्ट महाराष्ट्राला एकेकाळी कळली होती. १९७२च्या दुष्काळानंतर, वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून, रोजगार हमी १९७७ साली कायदा झाली. तिला पैसा लागणार म्हणून १९७५ साली व्यवसाय कर लावला गेला. मुंबई-ठाण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ते हेच. शहराने गावाच्या कामाला पैसे द्यायचे, ही कल्पना तेव्हा कोणाला क्रांतिकारक वाटली नव्हती. सरळ वाटली होती. भातशाचं पाणी पिणाऱ्याने भातशाच्या डोंगरावरचे चर खणायला हातभार लावायचा, यात उपकार कसला?

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने केंद्राच्या रोजगार हमीच्या जागी नवा कायदा आणला. दिवस १००चे १२५ झाले, जलसुरक्षेची कामं अग्रक्रमाने आली. पण अकुशल मजुरीचा जो भार केंद्र उचलत होतं, त्यात राज्याचा वाटा ४० टक्क्यांचा झाला, आणि प्रत्येक राज्याला किती रक्कम मिळेल हे आधीच ठरणार. त्यापुढचा खर्च राज्याचा. मागेल त्याला काम, ही जुन्या हमीची ओळख. आता आधी रक्कम, मग काम. राज्याची तिजोरी ओढलेली असताना हा ४० टक्के पहिल्या झटक्यात कुठून कापला जाईल, ते वेगळं सांगायला नको. म्हणून मुरबाड-शहापूरच्या ग्रामसभांनी आता रकमेच्या बरोबरीने तारखेचीही मागणी लावून धरावी. बंधाऱ्यांची मंजुरी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हातात हवी, चरांची मजुरी कायद्याने सांगितलेल्या १५ दिवसांत खात्यावर. आणि जिल्ह्याच्या टंचाई आराखड्यात आणखी एक रकाना घालावा: या गावात गेल्या वर्षी कोणतं काम मंजूर होतं, आणि त्याचा पैसा कधी आला.