लागीर, मुळी आणि डोपामिन

बालाघाट जिल्ह्यातल्या लालबर्रा परिसरात एखादा तरुण पोरगा गप्प झाला, भिंतीकडे बघून कुणाशी तरी बोलू लागला, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणू लागला, तर घरात पहिला शब्द निघतो तो 'लागीर'. मग भगत, झाडपूस, उतारा. त्याने भागले नाही तर बैतुल जिल्ह्यातले मलाजपूर. पौष पौर्णिमेपासून तिथे जत्रा भरते आणि बाधा झाली असे मानलेल्यांना गुरुसाहेब बाबांच्या समाधीभोवती फिरवतात. दुसरी वाट नागपूरची. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. दुखणे हाताबाहेर गेले की पाय अजूनही तिकडे वळतात. तिथला डॉक्टर सांगतो, स्किझोफ्रेनिया आहे, मेंदूतल्या रसायनांचा तोल गेला आहे, गोळ्या बंद करू नका.

या दोन उत्तरांतले साम्य सहसा कुणी बोलून दाखवत नाही. भगत आणि डॉक्टर दोघेही सांगतात की हे पोरगा करत नाही, त्याच्याकडून कुणी तरी करवून घेते आहे. मग रसायन भुतापेक्षा सरस कशात?

तपासता येते, यात. आणि त्या तपासाची सुरुवात एका देशी मुळीपासून झाली. सर्पगंधा हे मध्य भारताच्या जंगलांतही उगवणारे झुडूप. बिहारात त्याची मुळी 'पागल की दवा' म्हणून विकली जाई. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असे छापून सांगितले. जगाने फारसे लक्ष दिले नाही. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष एका ब्रिटिश नियतकालिकात मांडले, तेव्हा कुठे पाश्चात्त्य वैद्यकाचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले. पुढे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचले. ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा दिले, आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. डोपामिन हे मेंदूतले स्वतंत्र संदेशवाहक रसायन आहे, हे अशा प्रयोगांतून पुढे आले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

त्याच १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन मनोरुग्णांना देऊन पाहिले गेले होते. ते डोपामिनची वाट अडवते, हे नंतर कळले. १९७० च्या दशकात तर असे दिसले की औषध डोपामिनच्या ग्राहकांना (रिसेप्टरना) जितके घट्ट धरते तितकी त्याची मात्रा कमी लागते. उलट बाजूने, डोपामिन वाढवणारे अ‍ॅम्फेटामिन अति घेतले की धडधाकट माणसालाही संशयाचे झटके येतात. इतका पुरावा कुठल्या भगताकडे आहे?

पण गोळीने ताप उतरला म्हणून ती गोळी अंगात कमी होती असे होत नाही. औषध लागू पडले यावरून रोगाचे मूळ सापडले, असे म्हणणे तर्काला धरून नाही. शिवाय पुरावाही पुरता एकमुखी नाही. क्लोझापिन डोपामिनला इतर औषधांइतके घट्ट अडवत नाही, तरी १९८८ च्या एका चाचणीत इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांना त्याने गुण आला. क्लोरप्रोमॅझिनने फक्त ४ टक्क्यांना. केटामिन ग्लुटामेट नावाच्या वेगळ्याच रसायनाच्या कामात खो घालते आणि तरीही तशीच भ्रमिष्ट अवस्था आणते. आनुवंशिकतेचे धागे शेकड्यांनी सापडले आहेत, त्यांतल्या बहुतेकांचा एकेकट्याचा जोर मात्र अगदी थोडा.

शितिज कपूर यांनी २००३ मध्ये एक जोड सुचवली. डोपामिन एरवी 'इकडे लक्ष दे' असे सांगते. ते अवेळी सुटू लागले की रस्त्यावरचा खोकला, दाराची कडी, कुणाची नजर, सगळ्यालाच अर्थ चढतो. या अर्थांची गोष्ट मात्र माणूस आपल्याजवळच्या सामानातून रचतो. औषध अर्थाची धार बोथट करते; रचून झालेली गोष्ट विरायला वेळ लागतो. तान्या लुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, घाना आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी २० रुग्णांना त्यांच्या आवाजांबद्दल विचारले. अमेरिकेतले आवाज बहुधा हिंसक आणि परके. चेन्नईतल्या निम्म्याहून अधिक जणांना घरच्यांचे आवाज ऐकू येत. कधी रागावत, कधी जेव, आंघोळ कर असे सांगत. रसायन तेच असेल, पण चेन्नईत बोलत होते ते घर.

चरकाला हा प्रश्न वेगळ्या रूपात पडला होता. उन्मादाचे निज (आतला) आणि आगंतू (बाहेरून आलेला) असे भेद करून, आगंतूत देव-गंधर्वांची नावे घेऊनही तो बजावतो की दोष त्यांना देऊ नये. मूळ प्रज्ञापराधात, माणसाच्या स्वतःच्या बुद्धीच्या चुकीत आहे. भुताची सुटका झाली, पण ओझे पुन्हा रुग्णाच्या डोक्यावर आले. ते ओझे उतरवणे हे रसायनाच्या उत्तराचे मोठेच काम. मात्र लोकांच्या मनातली अढी त्याने आपोआप जात नाही. अमेरिकेत १९९६ ते २००६ दरम्यान हा मेंदूचा आजार आहे असे मानणारे वाढले, रुग्णापासून अंतर राखण्याची वृत्ती कमी झाली नाही.

वेडाला अढीऐवजी मानही मिळू शकतो, असे म्हणत कुणी लगेच ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंकडे बोट दाखवील. महानुभाव पंथाच्या चक्रधरांचे हे गुरू गावाला वेडेही वाटत आणि ईश्वरही, असे म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळांतून दिसते. त्यांना आज कोणते निदान चिकटवावे? कोणतेच नको. निदानाला महिनोन्‌महिने टिकणारी लक्षणे, मोडलेले जगणे आणि समोर बसलेला माणूस लागतो. तेराव्या शतकातल्या आठवणींवरून ते करणे हा पोकळ खेळ आहे. तसेच, गोविंदप्रभूंना देव मानले गेले म्हणून आजच्या पोराला गोळ्यांशिवाय ठेवणे ही क्रूरता आहे. उपचार लांबले की बरे होण्याची शक्यता घटते.

त्या क्रूरतेचे टोक तमिळनाडूतल्या एर्वाडीत दिसले. ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांत बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधणे बेकायदा ठरवले आहे, आणि तो कायदा लालबर्रालाही लागू आहे.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी, मीरा दातार दर्ग्यात, निराळी तडजोड झाली. 'दवा आणि दुआ' या उपक्रमात तिथले मुजावरच आलेल्या माणसाला आवारातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवू लागले. बाधा हा शब्द मुजावराने सोडला नाही, डॉक्टरने तो स्वीकारला नाही. रुग्ण दोघांकडे जाऊन आला आणि गोळ्या घेऊ लागला. मलाजपूरच्या जत्रेत डॉक्टरचे असे एक टेबल मांडायला कुणाची श्रद्धा आडवी येईल, हे तिथल्या पुजाऱ्यांना विचारून पाहायला हवे.