माफीनाम्याची जागा

पुण्यात नारायण पेठेतल्या केसरीवाड्यात टिळकांचं संग्रहालय आहे. बडोद्याच्या गायकवाडांचा हा वाडा टिळकांनी 1905 मध्ये घेतला. मंडालेच्या कोठडीची प्रतिकृती तिथे आहे. तिच्यापुढे लोक आपोआप हळू बोलायला लागतात. मीही. पण रायपूरच्या तात्यापाऱ्यातून गेलेल्या माणसाला तिथे आणखी एक जण आठवतो, आणि जरा अवघडल्यासारखं होतं.

माधवराव सप्रे. पेंड्र्याहून 1900 मध्ये 'छत्तीसगढ मित्र' काढणारे, 1907 मध्ये नागपुरातून 'हिंदी केसरी' सुरू करणारे. घरात मराठी, लेखणी हिंदीत. आम्हा रायपूरकर मराठ्यांचं हे नेहमीचंच. 1908 च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढच्याच महिन्यात सप्र्यांना राजद्रोहाखाली पकडलं. काही महिन्यांनी, घरच्यांच्या आग्रहापुढे नमून, त्यांनी माफीनामा लिहून दिला आणि ते सुटले.

तो त्यांना आयुष्यभर बोचला. वर्ध्याजवळच्या रामदासी मठात ते जाऊन राहिले, 'दासबोध' हिंदीत आणला. मग 'गीतारहस्य'. मंडालेला लिहिलेल्या ग्रंथाचा हा अनुवाद टिळक हयात असतानाच निघाला. म्हणजे ज्याने तुरुंगातून सुटण्यासाठी सही केली, त्याच्याच हातून तुरुंगातला ग्रंथ हिंदी वाचकाकडे गेला, आणि टिळकांना ते चाललं. या 'चाललं'पाशी मी दरवेळी थांबते.

उद्या एखाद्या घरात सप्र्यांचं संग्रहालय करायचं ठरलं, तर माफीनामा काचेत ठेवायचा का? झाकून ठेवणं मला पटत नाही. मग त्या घरात फक्त पुतळा राहील, माणूस नाही. पण ठेवायचा तर कशाशेजारी? कोठडीच्या चित्राशेजारी ठेवला, तर तो निकाल होतो: हा ताठ राहिला, तो वाकला. अनुवादाच्या हस्तलिखिताशेजारी ठेवला, तर प्रायश्चित्ताची गोड गोष्ट तयार होते. तिचा मला जास्त राग येतो. वीस वर्षं भाषांतर करते आहे. दुसऱ्याचं वाक्य आपल्या भाषेत उभं करताना मन आपल्या पापाकडे नसतं, क्रियापदाकडे असतं. सप्र्यांनी तो ग्रंथ हिंदीत आणला कारण त्यांना तो आणता येत होता, आणि हे कौशल्य माफीच्या आधीही त्यांच्याकडे होतंच. एका कागदाने दुसरा फिटत नाही. फिटावा अशी घाई बघणाऱ्यालाच असते.

मी तरी दोन्ही कागद एकाच खोलीत पण समोरासमोरच्या भिंतींवर ठेवीन. एकाकडे बघताना दुसऱ्याकडे पाठच होणार.

हे सगळं परवा मावशीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "अगं, घरचे पाया पडायला लागले की लिहितोच माणूस. ते कशाला भिंतीवर?" थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "अक्षर कसं होतं गं त्यांचं?"